पाणी वेगळे ठेवण्याची विद्या

(जागतिक जलदिनानिमित्त झालेल्या नागरिकांच्या सभेत ‘शहरांचे सांडपाणी, पाऊसपाणी आणि संशोधन’ या विषयावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



नदीविषयी बोलायचे म्हटले की आपल्याकडे वक्त्यांना वाण नसते. गटाराविषयी बोलायला मात्र सहसा कोणी उभे राहत नाही. वस्तुतः आज आपल्या शहरांतून वाहणाऱ्या नद्यांचे भवितव्य घाटावर ठरत नाही, ते गटारात ठरते. म्हणून आयोजकांनी हा विषय सुचवला तेव्हा मी तो आनंदाने स्वीकारला.

मी कला शाखेचा विद्यार्थी आणि व्यवसायाने पत्रकार. त्यामुळे अभियंत्यांची समीकरणे मी आपल्यापुढे मांडणार नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सांडपाणी आणि पावसाचे पाणी शुद्ध करण्याबाबत जगात आणि भारतात जे संशोधन झाले, त्यातून सामान्य नागरिकाने काय घ्यावे, एवढेच सांगण्याचा प्रयत्न करणार आहे. त्या साऱ्या संशोधनाचे सार मला एका वाक्यात सांगावेसे वाटते : पाणी वापरल्याने जेवढे बिघडते, त्याहून कितीतरी अधिक ते मिसळल्याने बिघडते. घरातले मैलापाणी, कारखान्यातले रासायनिक पाणी आणि आभाळातून पडणारे पाणी ही तीन पाणी निराळी आहेत. तिन्हींवर उपाय आहेत. पण ती एकदा एका नाल्यात मिसळली की तिन्ही उपाय निष्प्रभ होतात.

दिल्लीने दिलेला धडा

१९५५ सालची गोष्ट आहे. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस यमुनेला मोठा पूर आला आणि पूर ओसरताना नदीचा प्रवाह थोडा सरकला. दिल्लीला पाणी पुरवणारे वझिराबादचे केंद्र आणि शहराचे मैलापाणी नदीत आणून सोडणारा नजफगढ नाला यांत अंतर फार नव्हते. नाला केंद्राच्या खालच्या अंगाला होता, म्हणून धोका नाही असे मानले जात होते. नोव्हेंबरमध्ये पाण्याची दिशा उलटली आणि नाल्यातली घाण उपसा केंद्रापर्यंत आली. तेथील अभियंत्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवले. त्यामुळे हगवण, विषमज्वर असे जिवाणूंपासून होणारे रोग बळावले नाहीत. परंतु विषाणू त्यातूनही निसटला. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांना तिने विशेष ग्रासले. पुढे अनेक वर्षांनी, त्या साथीतील जतन केलेल्या रक्तनमुन्यांच्या अभ्यासातून ही कावीळ तोवर ज्ञात असलेल्या प्रकारांपैकी नव्हती, हे स्पष्ट झाले. त्या अभ्यासात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग होता. आज आपण त्या रोगाला ‘हेपॅटायटिस ई’ म्हणतो.

यातली विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्याला आपण नजफगढ नाला म्हणतो, तो मूळचा नाला नाही. ती साहिबी नावाची नदी होती. आपण तिच्यात मैलापाणी सोडले आणि मग तिचे नावही बदलून टाकले. मुंबईची मिठी, नागपूरची नाग, पुण्याचा आंबिल ओढा, नावे वेगळी असली तरी कथा तीच आहे.

हे सारे सत्तर वर्षांपूर्वीचे आहे, असे म्हणून आपल्याला सुटका करून घेता येणार नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘गियाँ बारे सिंड्रोम’ या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. पुणे व परिसरातील रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. तपासाचा रोख दूषित पाण्याकडे आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूकडे वळला. हा जिवाणू विष्ठेतून पाण्यात येतो. म्हणजे एकविसाव्या शतकाची पंचवीस वर्षे उलटल्यावरही, प्यायचे पाणी आणि टाकायचे पाणी यांच्यामधली भिंत आपल्याकडे किती पातळ आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

मँचेस्टरच्या बाटल्या

मिसळण्याची ही सवय जगभरच्या शहरांना लागली. १८५८च्या उन्हाळ्यात लंडनच्या थेम्स नदीची दुर्गंधी इतकी वाढली की, नदीकाठच्या संसदेत बसणे अवघड झाले. मग जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने शहराखालून प्रचंड वाहिन्या बांधल्या. काम अजोड होते. पण त्या वाहिन्यांत मैलापाणी आणि पावसाचे पाणी एकत्रच वाहत होते. लोकसंख्या वाढली, जमिनीवर डांबर व सिमेंट पसरले आणि जोराचा पाऊस आला की वाहिन्या भरून मैलापाणी थेट थेम्समध्ये सांडू लागले. हे सांडणे अडवण्यासाठी लंडनला २५ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा खोदावा लागला. तो २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाची किंमत ते शहर अजूनही मोजत आहे.

मैलापाणी शुद्ध करण्याचा शास्त्रीय मार्ग सापडला तो मँचेस्टरमध्ये. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोन संशोधकांनी बाटल्यांमध्ये मैलापाणी भरून त्यात हवा सोडली. पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. आधीचे प्रयोग करणारे तळाशी बसलेला गाळ टाकून देत. या दोघांनी तो तसाच ठेवला, वरचे स्वच्छ पाणी काढले आणि त्याच गाळावर नवे मैलापाणी ओतले. प्रत्येक खेपेला लागणारा वेळ कमी होत गेला आणि शेवटी आठवड्यांचे काम काही तासांत होऊ लागले. कारण त्या गाळात घाण खाऊन जगणाऱ्या जिवाणूंची वसाहत वाढत होती. या गाळाला त्यांनी ‘सक्रिय गाळ’ असे नाव दिले आणि ३ एप्रिल १९१४ रोजी आपला निबंध वाचला. आज जगातील असंख्य सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प याच तत्त्वावर चालतात. या दोघांना मार्गदर्शन करणारे गिल्बर्ट फाउलर त्यानंतर लवकरच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. म्हणजे हे ज्ञान आपल्या देशात येऊन शंभर वर्षे झाली आहेत.

पण या पद्धतीचा प्राण म्हणजे तो जिवंत गाळ. त्यात मुलामा देणाऱ्या कारखान्याचे सायनाइड किंवा चामड्याच्या उद्योगातले क्रोमियम आले, तर जिवाणू मरतात. पावसाळ्यात नाल्याचे पाणी धो-धो आत शिरले, तर जिवाणूंना काम करायला वेळच मिळत नाही आणि गाळ वाहून जातो. कोट्यवधी रुपयांचा प्रकल्प उभा असतो, यंत्रे फिरत असतात, आणि बाहेर पडणारे पाणी मात्र आत आले तसेच असते. दोष यंत्राचा नसतो. आपण त्याला कोणते पाणी पाजतो, याचा असतो.

कोलकात्याचे अद्‍भुत

आता आपल्याच देशातील एक उदाहरण देतो. १९८०च्या दशकाच्या आरंभी ध्रुवज्योती घोष या अभियंत्यावर, कोलकात्याच्या सांडपाण्याचे पुढे काय होते याचा शोध घेण्याचे काम आले. मैलापाण्याच्या मागोमाग ते शहराच्या पूर्वेला गेले. तेथे त्यांना शुद्धीकरणाचे यंत्र दिसले नाही. दिसली ती उथळ तळी, भातशेती, भाजीचे मळे आणि मासे धरणारे कोळी. या तळ्यांना तेथे ‘भेरी’ म्हणतात.

तेथील कोळ्यांनी कोणत्याही विद्यापीठात न शिकता एक शास्त्र विकसित केले होते. मैलापाणी ते तळ्यात एकदम सोडत नाहीत, थोडेथोडे सोडतात. तळे उथळ असल्याने ऊन तळापर्यंत पोहोचते. उन्हामुळे शेवाळ वाढते, शेवाळ प्राणवायू देते, त्या प्राणवायूवर जिवाणू घाणीचे विघटन करतात. शेवाळ फार माजू नये म्हणून मासे ते खातात. उन्हाने रोगजंतूही घटतात. पुढे हेच पाणी भातशेतीला जाते. दररोज कोट्यवधी लिटर मैलापाणी असे शुद्ध होते, आणि त्यासाठी महापालिकेला विजेचे बिल भरावे लागत नाही. उलट शहराला मासळी, तांदूळ आणि भाजी मिळते. घोष यांनी या जागेचे शास्त्रीय महत्त्व जगापुढे मांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या पाणथळीच्या रक्षणाचा निर्णय दिला, २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्राला ‘रामसर’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. घोष २०१८ मध्ये निवर्तले. बांधकामांचा रेटा रोखण्यासाठी ते अखेरपर्यंत झगडत राहिले.

ही व्यवस्था का टिकली? कोलकात्याच्या पूर्वेकडे कोरड्या दिवसांतील मैलापाण्याचा कालवा आणि पावसाळी पाण्याचा कालवा असे दोन स्वतंत्र कालवे आहेत. हीसुद्धा वेगळे ठेवण्याचीच बुद्धी. आणि जेथे धोका आला, तो मिसळण्यातूनच आला. टांगरा, टोपसिया, तिलजला भागातील चर्मोद्योगाचे क्रोमियमयुक्त पाणी कालव्यांत येऊ लागले. अखेर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश द्यावा लागला. मैला मासा सहन करतो, किंबहुना त्याचे अन्न करतो. क्रोमियमचे अन्न करणारा मासा नाही.

पावसाचे पाणी निर्मळ असते काय?

आतापर्यंत मी मैलापाण्याविषयी बोललो. आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, मैलापाणी वेगळे काढले म्हणजे पावसाचे पाणी खुशाल नदीत जाऊ द्यावे. येथे अलीकडचे संशोधन आपल्याला सावध करते.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सिॲटल हे शहर आहे. तेथील ओढ्यांत कोहो नावाचा सॅमन मासा समुद्रातून अंडी घालायला परत येतो. शहर वाढले, ओढे बिघडले, मासे कमी झाले. मग १९९०च्या दशकात नागरिकांनी श्रमदान केले, ओढे साफ केले, काठावर झाडे लावली. मासे परतले. पण पाऊस झाला की ते भोवऱ्यासारखे फिरत, तोंड वासत आणि काही तासांत मरून पडत. मादीच्या पोटातली अंडी पोटातच राहत. मैलापाणी तर त्या ओढ्यांत नव्हते. मग विष कोठले?

शास्त्रज्ञांनी कीटकनाशके तपासली, धातू तपासले, इंधनातली रसायने तपासली. त्यांपैकी कशानेही तसे मृत्यू होत नव्हते. शेवटी गाडीच्या टायरचा कीस पाण्यात भिजवला, आणि त्या पाण्यात मासे मेले. टायरला भेगा पडू नयेत म्हणून ६-पीपीडी नावाचे रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन ६-पीपीडी-क्विनोन हे नवे रसायन तयार होते. टायर झिजतो, त्याची भुकटी रस्त्यावर पडते, पहिला पाऊस ती ओढ्यात नेतो. झेन्यू तिआन, एडवर्ड कोलोजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो रसायनांतून हे एक रसायन वेचून काढले. डिसेंबर २०२० मध्ये ते संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केले.

कोहो मासा या विषाला विशेष हळवा आहे. प्रत्येक जातीचा मासा तसा मरेल असे नाही. पण टायर आपल्याकडेही झिजतात, आणि त्याबरोबर ब्रेकची धातूची पूड, सांडलेले तेल, कचऱ्याचा रस हे सारे जूनच्या पहिल्या सरींबरोबर नदीत उतरते. रस्त्यावरून वाहून आलेले पहिल्या पावसाचे पाणी हे शुद्धीकरणाची गरज असलेले पाणी आहे, हे आता मान्य करावे लागेल.

या कथेतला आशेचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. विषाचे नाव कळण्याच्या आधीच, तेथील संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. रस्त्यावरचे तेच पाणी त्यांनी वाळू आणि कंपोस्ट खताच्या थरातून गाळले. साठ टक्के वाळू, चाळीस टक्के खत, तळाशी खडी. न गाळलेल्या पाण्यात मासे मेले. गाळलेल्या पाण्यात सारे जगले. महागडे रसायन नाही, यंत्र नाही. मातीचा थर आणि थोडा वेळ. आज अनेक शहरांत रस्त्याकडेला असे खोलगट वाफे केले जातात, त्यांत झाडे लावतात आणि रस्त्याचे पाणी प्रथम त्या वाफ्यात घेतात. आपल्याकडे मात्र सुशोभीकरणाच्या नावाखाली रस्त्याकडेच्या शेवटच्या मातीवरही सिमेंटचे ठोकळे बसवले जातात. पाणी मुरायला जागा नाही, गाळायला माती नाही, आणि मग तुंबले की दोष पावसाला.

महाराष्ट्रातील बुद्धिवैभव

मातीच्या या सामर्थ्यावर आपल्या राज्यातही मोलाचे संशोधन झाले आहे. मुंबई आयआयटीच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागातील प्रा. एच. एस. शंकर यांनी ‘सॉइल बायोटेक्नॉलॉजी’ ही पद्धत विकसित केली. विशिष्ट खनिजे मिसळलेल्या मातीचा वाफा, त्यात जिवाणू आणि गांडुळे, वर झाडे. मैलापाणी या वाफ्यावर शिंपडायचे आणि खाली गाळून आलेले पाणी बागेला किंवा शौचालयाला वापरायचे. वीज थोडी लागते आणि दुर्गंधी येत नाही.

नागपूरला १९५८ मध्ये सुरू झालेली आणि आज ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिने ‘फायटोरिड’ पद्धत तयार केली. खडीच्या हौदात कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती लावतात आणि मैलापाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहते ठेवतात. पाणी उघडे नसल्याने डास होत नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात असा प्रकल्प उभारला गेला. वनस्पतींच्या मुळांतून पाणी शुद्ध करण्याचे प्रयोग जर्मनीत केटे झायडेल या विदुषीने १९५०च्या दशकात सुरू केले होते; आपल्या शास्त्रज्ञांनी ते आपल्या हवेला आणि आपल्या झाडांना अनुरूप केले.

अशा पद्धतींना जागा लागते, ही त्यांची मर्यादा मान्य केली पाहिजे. मुंबईसारख्या शहराचे सगळे मैलापाणी वाफ्यांवर शुद्ध होणार नाही. तेथे मोठे प्रकल्पच हवेत. परंतु वसाहत, महाविद्यालय, रुग्णालय, तीर्थक्षेत्र, लहान नगरपालिका यांना ही वाट खुली आहे. आणि शुद्ध केलेल्या पाण्याला गिऱ्हाईक नाही, हा आक्षेपही नागपूरनेच खोडून काढला आहे. भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला दिले जाते. तेवढे धरणाचे पाणी माणसांसाठी वाचते.

मग अडते कोठे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातील आकडे पाहा. देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होते. ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर बादल्यांतील अठ्ठावीस. यातला दुसरा आणि तिसरा आकडा यांतील अंतर मला अधिक अस्वस्थ करते. पैसा खर्च झाला, प्रकल्प उभा राहिला, फीत कापली गेली, आणि तरीही पाणी त्यात पोहोचले नाही. कारण घरापासून प्रकल्पापर्यंतची वाहिनी नव्हती, किंवा होती ती पावसाळी नाल्यात जाऊन मिळत होती.

धोलावीराचा वारसा आणि आपण

आपण सारे आपल्या प्राचीन वारशाचा अभिमान बाळगतो आणि तो बाळगावाच. पण अभिमानाबरोबर उत्तरदायित्व येते. कच्छच्या रणातील धोलावीरा २०२१ मध्ये जागतिक वारसास्थळ झाले. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या नगरात पाऊस अत्यल्प. तेथील रहिवाशांनी पावसाचे पाणी वाहून नेणारे दगडी मार्ग बांधले आणि ते पाणी विशाल जलाशयांत साठवले. घरातले सांडपाणी त्यांनी या पाण्यात येऊ दिले नाही. त्यासाठी शोषखड्डे व रांजण निराळे होते. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, जिवाणूंचे ज्ञान नव्हते. विवेक होता. कोणते पाणी कोणाजवळ जाता कामा नये, हे त्यांना ठाऊक होते.

आणि आज आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण पाहतो. वारकरी त्याच पाण्यात उतरतात, तेच पाणी ओंजळीत घेतात. त्यांची श्रद्धा निर्मळ आहे. पाणी निर्मळ ठेवण्याचे काम त्यांचे एकट्याचे नाही, वरच्या अंगाला राहणाऱ्या प्रत्येक वसाहतीचे आणि प्रत्येक कारखान्याचे आहे. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्यापर्यंत काय पोहोचते, याची चौकशी करू नये, हे न शोभणारे आहे.

म्हणून शेवटी तीन कामे सुचवतो. पहिले काम घरचे. आपल्या इमारतीचे मैलापाणी कोणत्या वाहिनीला जोडले आहे आणि गच्चीवरचे पाणी कोठे जाते, हे या महिन्यात स्वतः पाहून घ्या. गच्चीचे पाणी मैलावाहिनीत जात असेल, तर ते वेगळे काढून जमिनीत मुरवा. त्याला फार खर्च येत नाही. दुसरे काम गल्लीचे. रस्त्याकडेची उरलेली माती सिमेंटखाली जाऊ देऊ नका. तिथे वाफा करण्याचा आग्रह धरा. तिसरे काम नगराचे. नगरसेवक भेटतील तेव्हा प्रकल्पाची क्षमता किती, असे विचारू नका. काल प्रत्यक्ष किती लिटर पाणी शुद्ध झाले, असे विचारा. दर महिन्याला विचारा. सातत्याने विचारलेल्या प्रश्नाला प्रशासनालाही एक ना एक दिवस उत्तर द्यावे लागते.

शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे. मँचेस्टरच्या बाटल्यांपासून आयआयटीच्या गांडुळांपर्यंत सारे ज्ञान आपल्या हाताशी आहे. पाणी वेगळे ठेवणे हे मात्र प्रयोगशाळेत होत नाही. ते घराघरांतून आणि गल्लीगल्लीतूनच व्हावे लागते. ते काम आपण करू, एवढा संकल्प करून मी आपली रजा घेतो.